शंभरला गाडी का थरथरते?

इलेक्ट्रॉनिक सिटीतून बोलतोय. आमच्या भागात मराठी घरं पुष्कळ. पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, आणि आमच्यासारखे काही विदर्भातले. गणपती, दिवाळी किंवा मे महिना जवळ आला की तळघरातल्या पार्किंगमध्ये डिक्या उघडायला लागतात आणि त्याच सुमारास माझ्या दारावरची बेलही वाजायला लागते. "सर, गाडी नव्वदच्या पुढे थरथरते. अशीच पुण्याला नेली तर चालेल का?" फौजेत ई.एम.ई.मध्ये, म्हणजे गाड्या, तोफा, यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कोअरमध्ये नोकरी झाली, हे सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे निवृत्तीनंतरही सुट्टी नाही.

आजचा भाग याच प्रश्नावर.

आधी एक हिशेब करू. इथून पुणे सुमारे साडेआठशे किलोमीटर. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना 185/65 आर 15 मापाचे टायर असतात. त्यांचा घेर दोन मीटरला थोडा कमी, साधारण 1.95 मीटर. म्हणजे पुण्याला पोहोचेपर्यंत प्रत्येक चाक चार लाखांहून जास्त फेरे मारणार. ताशी 100 च्या वेगाला ते सेकंदाला चौदा वेळा फिरतं. तेव्हा चाकात काही वाकडं असेल तर ते सेकंदाला चौदा वेळा तुम्हाला सांगत असतं. आपण ते ऐकून घेत नाही, स्टिरिओचा आवाज वाढवतो.

दुसरी पद्धत त्याहून महाग. गाडी थेट वर्कशॉपला द्यायची आणि "व्हायब्रेशन आहे, बघा" एवढंच सांगायचं. मग तिथे अंदाजाने सुरुवात होते. आधी अलाइनमेंट, मग बॅलन्सिंग, मग लोअर आर्म, मग शॉकॲब्सॉर्बर. प्रत्येक वेळी बिल होतं आणि थरथर तशीच. सगळे मेकॅनिक लबाड असतात असं मला म्हणायचं नाही. ही थरथर शहरात दिसतच नाही, ही त्यांची खरी अडचण. हॉसूर रोडवर सिग्नल ते सिग्नल गाडी फिरवून त्यांना नव्वदला काय होतं ते कळणार कसं? ते तुम्हालाच कळतं. म्हणून निम्मं निदान गाडीच्या मालकाने करायचं असतं आणि त्याला पाना लागत नाही.

विचारायचा प्रश्न एकच : थरथर कशाच्या मागे चालते? गाडीच्या वेगाच्या मागे, इंजिनाच्या फेऱ्यांच्या मागे, ब्रेकच्या मागे, की ॲक्सिलरेटरच्या मागे? ही चार दारं आहेत. चुकीचं दार ठोठावलं की पैसे गेले.

पाचवं दार रस्त्याचं, ते आधी बंद करून घ्या. सिल्क बोर्डकडून येणारा आपला उड्डाणमार्ग, 2010 साली सुरू झालेला, दहा किलोमीटरांचा, घ्या उदाहरणाला. त्याच्या जोडांवर प्रत्येक गाडी धडधडते. ताशी 80 ला गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. जोड समजा तीसेक मीटरांवर असेल तर दीड सेकंदाला एक ठोका बसणार. तो ठोका मोजता येतो. चाकातला दोष मोजता येत नाही, तो सलग थरकाप असतो, कारण चाक तेवढ्याच वेळात पंधरा फेरे मारून मोकळं झालेलं असतं. काँक्रीटच्या रस्त्यावर आडव्या खाचांची घरघर येते, तीही वेगळी. दुसऱ्या, गुळगुळीत डांबरी पट्ट्यावर गेल्यावर थरथर थांबली तर गाडी ठीक आहे. अत्तिबेले ओलांडून होसूरच्या पुढे, कृष्णगिरीच्या वाटेवर असे पट्टे मिळतात. पहाटे जा. कारसाठी चौपदरी महामार्गावर केंद्राने 2018 साली ताशी 100 ची कमाल मर्यादा ठरवली आहे आणि स्थानिक फलकावर त्याहून कमी आकडा असेल तर तो पाळायचा. चाचणीला त्यापुढे जायची गरजच नसते, का ते पुढे येईल.

आता इंजिनाचं दार. ताशी 70-80 ला थरथर येत असेल तर तोच वेग कायम ठेवून गाडी पाचव्यातून चौथ्यात टाका. इंजिनाचे फेरे वाढले, गाडीचा वेग तोच. थरथर बदलली, नाहीशी झाली किंवा तिचा सूर चढला, तर ती इंजिनाच्या मागे चालते. इंजिन माउंटचं रबर, क्लच, एक्झॉस्टचा लोंबणारा पाइप, तिकडे बघायचं. काही बदललं नाही, तर इंजिनाला निर्दोष सोडा. ऑटोमॅटिकवाल्यांनी गाडी उभी करून, हँडब्रेक लावून, न्यूट्रलमध्ये तेवढेच फेरे देऊन पाहावं. धावत्या गाडीत हायवेवर इंजिन बंद करून बघणारे महाभाग मी पाहिले आहेत. इंजिन बंद झालं की स्टिअरिंग जड होतं आणि दोनतीनदा दाबल्यावर ब्रेकचा बूस्टरही संपतो. तो प्रयोग करू नये.

ब्रेकचं दार सोपं. थरथर फक्त ब्रेक दाबल्यावर येते, स्टिअरिंग हलतं, पेडल पायाखाली धडधडतं : डिस्क पाहा. मेकॅनिक म्हणेल "डिस्क वाकली". बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. फरक केसाहून कमी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायचा, पण पायाला कळतो.

ॲक्सिलरेटरचं दार घाटात उघडतं. निपाणीजवळचा तवंदी घाट चढताना गाडी पोटातून थरथरते आणि पाय काढला की लगेच शांत होते, असं असेल तर पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट संशयित. गाडीखाली वाकून रबरी बूट फाटलाय का, ग्रीस आजूबाजूला उडालंय का, पाहा. बाहेरचा जॉइंट गेला असेल तर तो पार्किंगमध्ये पूर्ण स्टिअरिंग वळवताना कटकट करतो, हायवेची वाट पाहत नाही.

हे सगळं निकालात निघालं आणि थरथर फक्त गाडीच्या वेगाच्या मागे चालते असं ठरलं, की मामला चाकांचा. दहातल्या बहुतेक गाड्या याच दारात येतात. इथे हात आणि बूड यांच्यावर विश्वास ठेवा. स्टिअरिंगमध्ये जाणवतं तर पुढची चाकं, सीटमध्ये आणि पायाखालच्या पत्र्यात जाणवतं तर मागची. नियम शंभर टक्के नाही, पण सुरुवातीला पुरतो.

आता ती नव्वदलाच का येते आणि साठला का येत नाही? रिमच्या कडेला समजा वीस ग्रॅम वजन जास्त आहे. वीस ग्रॅम म्हणजे चार चमचे साखर. ताशी 50 ला ते चाकाला पाऊण किलोच्या जोराने बाहेर ओढतं. वेग दुप्पट झाला की हा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी 100 ला तीन किलो. सेकंदाला चौदा वेळा कुणीतरी तीन किलोचा धक्का देतंय, एकदा वर, एकदा खाली.

पण एवढ्यानेच हात थरथरत नाहीत. टायर आणि सस्पेन्शन यांच्यामध्ये चाक स्प्रिंगवर टांगल्यासारखं असतं आणि त्याची स्वतःची एक लय असते, सेकंदाला साधारण दहा ते पंधरा हेलकाव्यांची. झोपाळ्याला नेमक्या वेळी बोट लावलं तरी तो उंच जातो, तसं चाकाच्या फेऱ्यांची लय आणि ही मूळ लय जुळली की छोटा धक्का मोठा होतो. आपल्या मापाच्या टायरला ही जुळणी ऐंशी ते शंभर-दहाच्या मध्ये कुठेतरी होते. म्हणूनच काही जण सांगतात, "सर, नव्वदला थरथरते पण एकशेवीसला बरी चालते." ती बरी झालेली नसते. जोर तेव्हा उलट वाढलेला असतो, फक्त लय सुटलेली असते, आणि बेअरिंग, बुश तो जोर मुकाट्याने खात असतात. पुलावर सैनिकांना कदम तोडून चालायला लावतात ते याच कारणाने. 1831 साली इंग्लंडात ब्रॉटन इथला झुलता पूल पलटण कदम मिळवून चालत असताना कोसळला होता आणि त्यानंतर तिकडच्या फौजेत तसा हुकूम निघाला.

लोअर आर्मबद्दल इथेच बोलून घेतो, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथे जातात. लोअर आर्मचा बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड यांतलं काहीही फिरत नाही. न फिरणारी वस्तू सेकंदाला चौदा धक्के निर्माण करू शकत नाही. ती ढिली असेल तर चाकातून आलेला धक्का अडवत नाही, एवढंच. नवे आर्म बसवल्यावर थरथर थोडी दबते, मेकॅनिक खूश, तुम्ही खूश, आणि दोन महिन्यांत नवा बुशही ढिला. मूळ कारण चाकात तसंच आहे. ढिला जॉइंट बदलायचाच, त्यात जिवाचा प्रश्न आहे. पण तो ढिला आहे हे चाक उचलून, दोन्ही हातांनी वर-खाली आणि डावं-उजवं हलवून दाखवायला सांगा. खेळ दिसला तर बदला. "सर, चार वर्षं झाली, बदलून टाकू" हे कारण झालं नाही.

अलाइनमेंटचंही तसंच. अलाइनमेंट बिघडली की गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेला झिजतो. थरथर तिने सरळ येत नाही. टायर लाटालाटांनी झिजला तर मागाहून येते.

आता एक गाडी सविस्तर सांगतो. आमच्या इमारतीत साताऱ्याचा एक मुलगा राहतो, फेज वनमध्ये नोकरी. मला काका म्हणतो. दिवाळीहून परतल्यापासून त्याची गाडी ऐंशीच्या पुढे स्टिअरिंगमधून थरथरायची. एका वर्कशॉपमध्ये दोनदा बॅलन्सिंग आणि एकदा अलाइनमेंट झालं. तिसऱ्यांदा तिथून दोन्ही लोअर आर्मचं साडेचौदा हजारांचं अंदाजपत्रक आलं. पुढच्या शुक्रवारी रात्री बायको, तीन वर्षांची मुलगी आणि सासू-सासरे यांना घेऊन तो साताऱ्याला निघणार होता. "काका, आर्म आत्ता टाकू की परत आल्यावर?" एवढंच त्याला विचारायचं होतं.

मी म्हटलं, "आधी गाडी दाखव."

फौजेत ड्रायव्हरच्या तीन परेड असतात. निघण्याआधी फर्स्ट परेड, वाटेत थांबल्यावर हॉल्ट परेड, परतल्यावर लास्ट परेड. तिन्हींत गाडीभोवती फिरून हात लावून बघायचं : हवा, नट, गळती, आणि हॉल्टला चाकांचे हब हाताने चाचपायचे, एखादा बाकीच्यांपेक्षा गरम आहे का. आम्ही पार्किंगमध्ये तेच केलं. हवा बरोबर होती. नट घट्ट होते. पण पुढच्या डाव्या रिमच्या आतल्या बाजूला चिकटवजनांची रांगच लागली होती. मी मोजली, पंच्याहत्तर ग्रॅम. बाकी चाकांवर पंधरा, वीस. कुठल्याही चाकाला एवढं वजन लागलं तर तिथेच थांबून विचारायचं की का लागलं. मशीनने मागितलं म्हणून ते चिकटवत जाणं म्हणजे ताप उतरेना म्हणून थर्मामीटर बदलण्यासारखं आहे.

मग मी त्याला गाडी बाहेर काढायला सांगितली. हायवेवर जायचं म्हणून त्याने टोलचे पैसे आहेत का ते बघितलं. म्हटलं, "टोलपर्यंत जायचंच नाही. इथेच आतल्या रस्त्यावर वीस-पंचवीसने चालव, आणि स्टिअरिंग अगदी हलकं धर." रविवारी सकाळी आमच्याकडचे आतले रस्ते ओस असतात, कंपन्या बंद. तो वीसने चालवत होता आणि स्टिअरिंग त्याच्या बोटांत हळूच डावी-उजवीकडे डुलत होतं. लंगडणाऱ्या माणसाच्या चालीसारखं, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा. त्याला हे कधी जाणवलंच नव्हतं, कारण लक्ष सगळं नव्वदवर होतं.

मघाचा हिशेब आठवा. वजनाचा दोष वीसच्या वेगात दिसूच शकत नाही. शंभरला तीन किलो असलेला जोर वीसला पंचविसाव्या हिश्श्यावर येतो, सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. तो स्टिअरिंगपर्यंत पोहोचत नाही. वीसला गाडी डुलते याचा अर्थ चाकाचा आकार बिघडला आहे : रिम वाकली आहे, नाही तर टायर आतून फाटला आहे. हायवेच्या थरथरीचं उत्तर हायवेवर न जाता मिळतं ते असं. आणि दुसरा पर्याय खरा असेल तर हायवेवर जायचंही नसतं.

गाडी परत आणून हँडब्रेक लावला, मागच्या चाकांना विटा लावल्या, जॅकवर पुढचं डावं चाक उचललं. एक पेन विटेवर टेकवून टायरच्या पृष्ठभागाजवळ, नखाएवढं अंतर ठेवून धरलं आणि चाक हाताने सावकाश फिरवलं. अर्ध्या फेऱ्यात अंतर सारखं राहिलं. मग टायर पेनाला घासला आणि पुन्हा लांब गेला. रिमच्या कडेशी पेन धरून तसंच फिरवलं : रिम सरळ. म्हणजे टायर. चाक काढून आतली बाजू उजेडात धरली तर ट्रेडच्या कडेजवळ तळहाताएवढा भाग फुगून आला होता. उभ्या गाडीत ही बाजू दिसतच नाही.

टायरच्या ट्रेडखाली पोलादी तारांचे पट्टे असतात, एकावर एक, रबराने चिकटवलेले. कमी हवेवर लांब धावलं किंवा खड्ड्यात जोरात आपटलं की ते एकमेकांपासून सुटू लागतात. सुटलेल्या जागी हवा शिरते, ती जागा तापते आणि सुटणं वाढत जातं. शेवटी एखाद्या दिवशी वेगात ट्रेडचा पट्टाच उलगडून निघतो. मुलाला आठवलं, दिवाळीहून परतताना रात्री एका वळणरस्त्यावर डावं चाक खड्ड्यात आपटलं होतं. टायर फुटला नाही, म्हणून विषय संपला होता.

मग बॅलन्सिंग मशीनला हे का दिसलं नाही? कारण मशीनला तो प्रश्नच विचारलेला नव्हता. साधं मशीन चाक हवेत फिरवतं आणि वजन सगळीकडे सारखं वाटलेलं आहे का, एवढंच सांगतं. अंड्याच्या आकाराच्या चाकालाही वजनं लावून शून्य आणता येतं. पण ते रस्त्यावर टेकलं की अंडं ते अंडंच. पडद्यावर शून्य म्हणजे चाक गोल, असं नाही. टायर फिरताना डोळ्यांनी बघावं लागतं, आणि तो मशीनवर फिरत असताना काउंटरवर बसून चहा पिण्याऐवजी तिथे जाऊन उभं राहिलं तर तुम्हालाही दिसतं. पृष्ठभाग उड्या मारत असेल तर लपत नाही.

आम्ही स्टेपनी लावून टायरच्या दुकानात गेलो. दुकानदार अण्णांनी फुगवटा अंगठ्याने दाबला आणि मुलाकडे बघून कन्नडमध्ये विचारलं, "फॅमिली इतं का यात?" असं काहीसं. मुलाने मान हलवली. अण्णांनी टायर उचलून बाजूच्या ढिगावर टाकला, किंमत नंतर सांगितली. दोन टायर घेतले, जोडीने. नवी जोडी मागे लावली आणि मागची बरी जोडी पुढे घेतली. ओल्या रस्त्यावर मागचं टोक सुटलं तर सावरणं अवघड, म्हणून नवं रबर मागे. लोअर आर्मला हलवून पाहिलं, खेळ नव्हता. ते साडेचौदा हजार वाचले आणि त्यांतले बरेचसे टायरांना लागले.

प्रत्येक गाडीत फुगवटा सापडणार नाही, हे उघड आहे. वीसला गाडी सरळ चालते, पेनची चाचणी पास होते, आणि तरी नव्वदला थरथरते, तेव्हा खरोखर वजनाचाच दोष असतो. तेव्हा चाकं बदलून बघा : पुढची मागे, मागची पुढे. थरथर स्टिअरिंगमधून सीटमध्ये गेली तर दोषी चाक तुमच्या हातात आलं. फुकटातली यापेक्षा चांगली चाचणी मला माहीत नाही. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर चाक त्याच बाजूला ठेवायचं, एवढं पाळा.

वजनाचा दोष येतो कुठून? रिमवर धुळीच्या थरात एक स्वच्छ चौकोन दिसला तर तिथलं चिकटवजन पडलंय. पावसाळ्यात शेतातल्या वाटेने गावी जाऊन आलात आणि रिमच्या आत चिखल वाळून बसला, तर पाण्याच्या फवाऱ्याने धुतलं की थरथर गायब, पैसे शून्य. पंक्चरसाठी टायरमध्ये द्रव सीलंट ओतला असेल तर तो एका जागी साचून तोल बिघडवतो. मला तो आवडत नाही. ट्यूबलेस टायर नीट आतून पॅच मारून घ्यावा. घरून काम करणाऱ्यांच्या गाड्या महिनामहिना एका जागी उभ्या असतात, त्यांचे टायर खाली चपटे बसतात. ती थरथर वीसेक मिनिटं चालवल्यावर टायर गरम होऊन कमी होत जाते. गेली तर काही करू नका.

बॅलन्सिंग करून घेताना एक चाचणी मागा. शून्य आल्यावर चाक मशीनवरून सोडवून अर्धा फेरा फिरवून परत बसवायला सांगा. पुन्हा शून्याजवळ आलं तर काम बरोबर. वीस ग्रॅम दाखवलं तर चाक मशीनवर मध्यावर बसलेलंच नव्हतं. शंकू चुकीच्या मापाचा आहे, किंवा रिमच्या मधल्या भोकाला गंज आहे. दुकानदार थोडा वैतागतो. चालेल.

आवाजाचं थोडक्यात. थरथरीबरोबर विमानासारखी घूंघूं येत असेल आणि लांब वळणावर ती एका बाजूला वाढून दुसऱ्या बाजूला कमी होत असेल, तर व्हील बेअरिंग. ते लांबणीवर टाकू नका. मागच्या चाकांवर चालणाऱ्या बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हासारख्या गाड्यांना खालून लांब प्रोपेलर शाफ्ट असतो. तो चाकाच्या तीन-चार पट वेगाने फिरतो, म्हणून त्याची थरथर बारीक, गुणगुणल्यासारखी, जमिनीतून येते. हातांनी फरक कळत नसेल तर मोबाइल वापरा. कंप मोजणारी मोफत ॲप्स आहेत. शेजारी बसलेल्याने फोन गाडीच्या पत्र्यावर घट्ट धरून वाचायचं, चालकाने नाही. ताशी 100 ला आकडा चौदाच्या आसपास आला तर चाक. पन्नासच्या आसपास आला तर प्रोपेलर शाफ्ट. इंजिन 2500 फेऱ्यांवर असेल आणि ब्याऐंशी-त्र्याऐंशी आला तर चार सिलिंडरचं इंजिन, कारण ते एका फेऱ्यात दोनदा पेट घेतं.

टायर चार-पाच वर्षांचे झाले असतील तर बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचा. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. ट्रेड दिसायला छान असला तरी रबर म्हातारं होतं, आणि आपल्याकडे गाड्या उन्हात उभ्या असतात.

वर्कशॉपला जाल तेव्हा "व्हायब्रेशन आहे" असं सांगू नका. असं सांगा : "ताशी 85 ते 105, स्टिअरिंगमध्ये, गिअर बदलून फरक नाही, ब्रेक न लावता येतं, चाकं मागेपुढे केल्यावर सीटमध्ये गेलं." एवढं ऐकल्यावर कुणी लोअर आर्मचं अंदाजपत्रक देत नाही.

आणि चाकं काढून परत लावली की नट समोरासमोरचे, आळीपाळीने आवळायचे, मॅन्युअलमध्ये दिलेल्या जोरापर्यंत. हवेच्या गनने एका दमात ठोकलेले नट डिस्कला वाकडं बसवतात आणि नवीनच थरथर सुरू होते. पन्नास-शंभर किलोमीटरांनंतर पान्याने पुन्हा एकदा तपासा. त्या मुलाला मी तुमकुरूच्या पुढे पहिल्या चहाला थांबून ते करायला सांगितलं होतं. त्याने रात्री पावणेबाराला फोटो पाठवला : पाना, नट, आणि मागे चहाचा ग्लास.

पुढच्या भागात टायरमध्ये हवा किती भरायची, आणि नायट्रोजनचे जादा पैसे द्यावेत का, ते पाहू. जय हिंद.